थकलेले दगड

३ सप्टेंबर २०२४, कुस्को, पेरू

पोहोचलो एकदाचे. नाशिक सोडल्याला आज तिसरा दिवस. मुंबईहून विमान, मग एका अनोळखी विमानतळावर बाकड्यावर काढलेले नऊ तास, मग लिमा, मग हे डोंगरातलं छोटं विमान. अकरा माणसं, एकवीस बॅगा आणि प्रत्येक बॅगेला रावजींनी बांधलेली केशरी फीत. एकही बॅग हरवली नाही. रावजी त्याचं श्रेय सूर्यदेवाला देत होते, मी फितीच्या रंगाला. हा वाद जेवणापर्यंत हसतखेळत चालला.

काम माझ्यासाठी नवीन आहे. रावजी निफाडचे. द्राक्षबाग भावाच्या हवाली करून गेली सहा वर्षं ते लोकांना आध्यात्मिक यात्रांना नेतात. यंदा इंका लोकांची पवित्र स्थळं. माझ्या एका भाषणानंतर ते भेटायला आले होते. म्हणाले, स्नेहल मॅडम, तुम्ही देव मानत नाही हे ठाऊक आहे मला, पण तुम्ही बोलायला लागलात की माणूस जागचा हलत नाही. देवाचं मी बघतो, इतिहासाचं तुम्ही बघा. मला पटणार नाही ते मी बोलणार नाही, अशी अट घातली. त्यांनी ती लगेच मान्य केली.

खरं कारण राखी. माझी धाकटी बहीण, पेठच्या शाळेत शिकवते. रोज एसटीने घाट ओलांडून जाते, संध्याकाळी परत येते. आई चार वर्षं अंथरुणावर होती. तिचं उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं राखीने केलं. मी सभा केल्या. फेब्रुवारीत आई गेली. त्यानंतर राखी बोलेनाशी झाली. रावजींच्या माहितीपत्रकात एका खिंडीचा फोटो होता. तिथे वाटसरू आपला थकवा एका दगडात ठेवून तो दगड राशीवर सोडतात. राखीने तो फोटो मला दाखवला आणि म्हणाली, ताई, इथे जाऊ. मला आठवतं तेव्हापासून तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं हे पहिलंच.

हवा विरळ आहे. जिना चढताना धाप लागते. माझा गुडघा दुखतो म्हणून राखीने आधी माझी बॅग वर नेली, मग स्वतःची. आता खिडकीत बसून कोकाच्या पानांचा चहा पितेय. लाल कौलांची छपरं, त्यामागे पिवळे डोंगर. फार दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं.

५ सप्टेंबर, ओयांतायताम्बो

आमचा वाटाड्या इलारियो. पन्नाशीचा, बुटका, छातीने रुंद. तो इंग्रजीत सांगतो, मी मराठीत. आमच्यातल्या साळूबाई त्याला सतत नाशिकचा चिवडा भरवतात आणि तो डोळ्यांत पाणी आणत पुन्हा हात पुढे करतो. साळूबाईंचे यजमान सावळीराम म्हणाले, मॅडम, याला म्हणावं, पुढच्या टायमाला पोतंच आणतो.

इथल्या इंका गढीच्या वाटेवर प्रचंड शिळा पडलेल्या आहेत. खाण पलीकडच्या डोंगरावर, गढी इकडे, मध्ये नदी. एवढे दगड ओढत आणले आणि काही वाटेतच राहिले. इथले लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात. दगड दमला, रडला आणि म्हणाला मी पुढे येणार नाही, अशी गोष्ट. रावजींनी शिळेला डोकं टेकवलं. बाकीचे रांगेत उभे राहिले.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, दगड दमत नसतो. दमला तो ओढणारा. ज्याच्या खांद्यावर दोर होता तो दमला, त्याची बायको दमली, उतारावर शिळा घसरून जे चिरडले त्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत. राजाचं नाव राहिलं, सूर्याचं राहिलं, दगडाचे अश्रूसुद्धा राहिले. माणसाचा घाम तेवढा पुसला गेला. हात जोडायचेच असतील तर त्याला जोडा.

मग सावळीराम हळूच म्हणाले, मॅडम, लय भारी बोलल्या, पन आता हात जोडू का नको? सगळे हसले, मीसुद्धा.

मी काय बोलले ते इलारियोने विचारलं, राखीने त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. तुमचं बरोबर आहे, माणसंच दमली, असं म्हणाला. मग त्याने मला विचारलं, तो सगळा थकवा गेला कुठे? मी म्हटलं, थकवा कुठे जात नसतो, माणसाबरोबर संपतो.

७ सप्टेंबर, खिंडीखालचं गाव

आज खिंड चढलो. चौदा हजार फुटांच्या वर. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर आणि मधोमध दगडांची रास, माणसाच्या दुप्पट उंच. रीत साधी आहे. खालून एक दगड हातात घेऊन चढायचं. वर आल्यावर त्यावर तीन वेळा फुंकर घालायची, दगड राशीवर ठेवायचा, मागे न बघता उतरायचं. इंका काळाच्याही आधीपासून हे चालत आलंय, असं इलारियो म्हणाला.

राखीने नाशिकहून गोदावरीतला गोटा आणला होता. मला सांगितलं नव्हतं. तिने तो ठेवला आणि बराच वेळ तिथे उकिडवी बसली. उठली तेव्हा हसत होती. म्हणाली, ताई, खरंच गं, खांदे सुटले. मी तिला जवळ घेतलं. मनाचा खेळ आहे हे मला कळत होतं, पण खेळ चांगला होता.

पण तेवढ्यात रावजी बाकीच्यांना सांगायला लागले की ही रास जागृत आहे, इथला खडा हलवला तर वंशाला लागतं. साळूबाई घाबरून लोटांगण घालायला लागल्या. माझं डोकं तापलं. ग्रहणात भर चौकात उभी राहून जेवणारी बाई मी. भूतबाधेचं म्हणून ओस टाकलेल्या घरात आठवडा राहून दाखवलाय. माझी रीत एकच, बोलायचं ते करून दाखवायचं. मी पुढे झाले आणि राशीच्या पोटातून एक दगड उपसला. तळहाताएवढा, काळा, एका बाजूने हातांनी घासून गुळगुळीत झालेला.

इलारियोने माझं मनगट धरलं. तो रागावला नव्हता, घाबरला होता. ठेवा म्हणाला. मी विचारलं, कोणता देव कोपणार आहे? तो म्हणाला, कुणीच कोपणार नाही. शिक्षा वगैरे काही नाही. कुणीतरी हे ओझं इथे उतरवून गेलंय, तुम्ही ते उचललंत. आता जो घेऊन चालेल त्याच्यावर ते बसणार, एवढंच. ओझ्याला कुठेतरी असावं लागतं.

मी हे सगळ्यांना मराठीत सांगितलं, वर म्हटलं, बघा आता मला काय होतंय ते. दगड माझ्या बॅगेत टाकला आणि उतरायला लागले. पाय हलके, मन हलकं.

माझी बॅग राखीच्या पाठीवर होती. गुडघ्यामुळे.

१० सप्टेंबर, कुस्को

राखीला उंची बाधली आहे. खिंडीतून उतरताना अर्ध्या वाटेवर ती खाली बसली आणि उठेना. उतरताना त्रास कमी व्हायला हवा, हिचा वाढला. शेवटी घोडा आणला. घोडा चार पावलं चालून थांबला, पाय फाकवून उभा राहिला. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. घोडेवाल्याने इलारियोला काहीतरी सांगितलं. इलारियोने माझ्याकडे पाहिलं नाही.

बॅग मात्र तिने सोडली नाही. मी दोनदा मागितली. म्हणाली, तुझा गुडघा.

डॉक्टरांनी तपासलं. प्राणवायू ठीक, रक्तदाब ठीक. निघताना इलारियोने मला बाजूला घेतलं. दगड परत ठेवून येऊ, मी स्वतः तुमच्याबरोबर पुन्हा चढतो, दोन दिवस लागतील, असं म्हणाला. विमान परवाचं. आणि खरं लिहायचं तर सगळ्यांसमोर मी ते करू शकले नसते.

१९ सप्टेंबर, इंदिरानगर, नाशिक

घरी. उंचीवरून खाली आलो तरी राखीला बरं वाटेल असं काही दिसत नाही. रजा वाढवली आहे. पेठच्या मुलांचे फोन येतात, बाई कधी येनार. ती बोलते, मग मोबाइल उशीवर टाकून देते. धरवत नाही म्हणते.

आज तिला रक्त तपासायला नेलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. दार लागलं आणि जास्त वजनाची घंटी वाजली. मी बाहेर आले, तरी वाजत राहिली. राखी बाहेर आली, तेव्हा घंटी थांबली. लिफ्टवाल्यांना कळवलं आहे, सेन्सर बिघडला असणार. तीन मजले आम्ही पायऱ्यांनी उतरलो. चाळीस मिनिटं लागली.

वजनकाट्यावर उभं केलं. त्रेपन्न किलो. जाण्याआधीही त्रेपन्नच होतं. काटा खोटं बोलत नाही. मी ते तिला दाखवलं. ती म्हणाली, हो ताई.

२९ सप्टेंबर

सातपूरला भाषण. विषय, ‘ओझं देवाचं नाही, माणसाचं’. दगड टेबलावर ठेवला. म्हटलं, हा उचलून तीन आठवडे झाले, मी तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे. पोरांनी दगड हातोहात फिरवला, फोटो काढले. इतक्या टाळ्या अलीकडे मिळाल्या नव्हत्या.

राखीला घरी राहा म्हटलं होतं. ऐकलं नाही. बॅग तिनेच आणली, तिनेच नेली. पूर्वीसारखीच पहिल्या रांगेत बसली होती. भाषण संपल्यावर बघितलं, तिच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे चारही पाय बाहेर वाकले होते. तिच्या बाजूची बाई उठून लांब जाऊन बसली.

रिक्षावाला वाटेत दोनदा उतरून चाकं बघून आला.

८ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरचे दीपक वर आले. त्यांच्या हॉलच्या छताला तडा गेलाय. आमच्याकडे काही जड सामान आणलंय का, हे त्यांनी नम्रपणे विचारलं. मी आत बोलावून घर दाखवलं. हॉलमध्ये राखीचा दिवाण, त्यावर राखी. दिवाणाखालच्या चार फरश्या खचल्या आहेत, मला आज पहिल्यांदा दिसलं. दीपकनी फरश्यांकडे बघितलं, मग राखीकडे, मग चप्पल घालून निघून गेले. जाताना म्हणाले, मॅडम, ताईंना दवाखान्यात ठेवा.

दवाखान्याचे सगळे कागद माझ्याकडे आहेत. सगळं ठीक आहे, असंच सगळ्यांवर लिहिलंय.

दुपारी तिचं अंग पुसलं. दोन्ही खांद्यांवर वळ आहेत. मानेपासून काखेपर्यंत, बोटाएवढे जाड, पीळ उमटलेले. दोराचे. मी विचारलं, कसले. तिने डोळे मिटले. म्हणाली, एका माणसाचं नाही गं हे. एकाने ठेवलं त्यावर दुसऱ्याने ठेवलं. खाली अजून आहेत. सगळे ओढतायत.

१३ ऑक्टोबर

उद्या चौदा ऑक्टोबर. सिडकोत सभा. दगड घेऊन या, असा आयोजकांचा खास निरोप. तीन हजार माणसं असतील.

इलारियोचा सकाळी फोन आला. राखीच्या फोनवरून त्याला कुणी कळवलं माहीत नाही. राखीनेच असेल. त्याने विचारलं, दगड अजून तीच वाहते का. मी म्हटलं, दगड कपाटात आहे, कुणी वाहत नाही. तो म्हणाला, तुमच्या वतीने तीच वाहते.

मी त्याला बरंच सुनावलं. चांगलं बोलले. मुद्देसूद. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिचा श्वास कसा आहे?

मी फोन ठेवला. मग जाऊन तिचा श्वास बघितला.

छाती वर येते. थोडीच. मग बसते. एकदम, वरून कुणी दाबल्यासारखी.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

गेले होते. लिहिलंच पाहिजे, मी गेले होते. एक तास बोलले. दगड डोक्यावर धरून दाखवला.

घरी आले तर शेजारच्या बाई दारात. राखीला दिवाणावरून उतरायचं होतं, पाय टाकला आणि फरशी फुटली. ती पडली. चार माणसांना उचलता आली नाही. चौघांपैकी एकाची पाठ धरली.

खाली सतरंजीवर आहे. मी शेजारी बसले आहे. सभेतून काय आणलंस, विचारलं तिने. टाळ्या, म्हटलं. हसली. हसताना छाती वर येईना, तिथेच हसू थांबलं.

१६ ऑक्टोबर, सकाळ

मीच इलारियोला फोन केला. परत ठेवायला येते म्हटलं. कधी? विमान शनिवारचं. त्याने राखी दाखवायला सांगितली. मोबाइल तिच्या छातीवर धरला.

शनिवारपर्यंत नाही, असं म्हणाला.

मग दुसरं काय? त्याने सांगितलं. ज्या हाताने उचलला त्या हाताने धरायचा. तिच्याजवळ बसून. आणि मागायचं. तोंडाने, मोठ्याने, माझं आहे म्हणून. समजावून सांगायचं नाही. मागायचं.

मी विचारलं, दुसऱ्याने घेतलं की ओझं थोडंही कमी नाही का होत? तो म्हणाला, नाही.

१६ ऑक्टोबर, दुपार

जमत नाहीय.

दगड मांडीवर आहे. हलका. सगळ्या दगडांसारखा. मी मागते, पण बोलायला लागले की भाषण होतं. आईचं सांगितलं, इतिहास सांगितला, माफी मागितली — छान मागितली. काही झालं नाही. माझ्या आतली कुणीतरी अजून समोरच्यांकडे बघतेय.

राखीचे ओठ निळे. फरशीला नवी चीर, भिंतीपर्यंत.

तिच्यासारखं मागायचं. इथे जाऊ, म्हणाली होती ना. दोन शब्द.

१६ ऑक्टोबर, साडेतीन

दे म्हटलं. एवढंच. दे, माझं आहे.

आलं —

आधी मनगटात. मग खांदे. दोर खरे आहेत. पुढे किती माणसं, दिसत नाही, पाठी दिसतात फक्त. चिखल. कुणाच्या पाठीवर मूल बांधलंय. नावं विचारायची होती. कुणी मागे वळत नाही.

मी म्हणाले होते, थकवा माणसाबरोबर संपतो. नाही. नाही संपत.

पण राखीची छाती उचलली. पूर्ण. मी मोजले, वीस श्वास. तिने स्वतः कूस बदलली.

पेन जड —

चार वाजले असतील

ती उठली. भिंत न धरता. स्वयंपाकघरात गेली. पाणी प्याली, भांडं वाजलं. मला हाक मारते. ताई, चहा टाकू?

जीभ उचलत नाही. बोलायचं आहे, येत नाही. तीन हजार माणसांपुढे — आता एक शब्द —

बरं झालं. माझ्याकडेच राहू दे. फरशी सोसेल तोवर. हात वहीवर आहे, बोटं सरकतात थोडी —

आली. समोर बसली. म्हणते, काय झालं गं, एवढी वाकलीस का. दगडाकडे बघते. म्हणते, आण इकडे, मी ठेवते कपाटात.

मान हलत नाही. हात पुढे करतेय ती. सवयीने. मी ओठ —

राखी, वही वाच. आधी वही वाच. हात लावू नकोस. तुझं झालंय सगळं वाहून. हा माझा आहे, राखी, सोड, मी मागून घेतलाय, तू नको —